लीलाचा शनिवार

५ मे १९९७, सोमवार

आज परत बसला. केक! वरून छान फुगला होता, रंगही आला होता. झाकणाच्या काचेतून मी बघतोय तोवर व्होल्टेज उतरलं आणि मध्ये खड्डा पडला. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, घामानं निथळत ओव्हनपाशी स्टुलावर बसून राहिलो — उपयोग शून्य.

ओव्हन मागच्या व्हरांड्यात, ट्रंकेवर ठेवलाय. अंडं स्वयंपाकघरात चालत नाही. आईचा नियम. आई जाऊन चार वर्षं झाली, नियम आहे तिथंच आहे. लीलाला तुकडा दिला तर म्हणाली, "अंडं आहे ना त्यात," आणि पर्स उचलून बँकेत गेली. नऊ वाजता ती कोठी भागातल्या बँकेत जाते आणि मी घरात. अठ्ठावीस वर्षं उलटं होतं — म्हणजे जायचो दोघंही, पण मी आधी जायचो. कारखान्यानं आम्हाला स्वेच्छेनं निवृत्त केलं. स्वेच्छा कारखान्याची. त्याला दोन महिने झाले आणि मी बेकिंग शिकतोय. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी.

खरं ते लिहितो. लीलाला प्रमोशन आलंय. ऑफिसर! पण बदली विशाखापट्टणला. याआधी दोनदा तिनं नाकारलं. एकदा सुप्रियाची दहावी होती, एकदा आई अंथरुणाला खिळली होती. आता नाकारलं तर पुन्हा विचारणार नाहीत. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. गेल्या आठवड्यात मला म्हणाली, "काय करू?" मी म्हटलं, "तुझी मर्जी."

तेव्हापासून मी तीन केक केलेत. तिनं जाऊ नये असं मला वाटतं. ते मात्र तोंडातून निघत नाही.

८ मे, गुरुवार

चौथा. बसला.

११ मे, रविवार

शेजारचे भगवंतराव वकील कठड्यावरून डोकावले. "काय दत्तोपंत, रिटायर झाल्यावर लोक गीता वाचतात. तुम्ही केक करून राहिलेत?" म्हटलं, गीतेला व्होल्टेज लागत नाही, म्हणून ती सोपी. एक तुकडा दिला. अर्धा खाऊन बाकीचा खिशात घातला त्यांनी. कोटाच्या नव्हे, घरातल्या शर्टाच्या. म्हणजे आवडला की नाही?

सुप्रियाचा पुण्याहून फोन. कंपनीतल्या दोघांना घेऊन येतेय, रश्मी आणि समीर. चार दिवस नुसतं खायला! हैदराबाद फक्त खाण्यासाठी बघायचं म्हणे. आजकालच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना पगारही भरपूर आणि भूकही. "बाबा, तुम्हीच फिरवा आम्हाला. तुम्हाला सगळं शहर माहितीय."

माहितीय तर! कारखान्यातली आमची टोळी अख्खं शहर खाऊन बसलीय. घरात नाही, पण बाहेर सगळं चालतं. लीला कधी विचारत नाही, मी कधी सांगत नाही. बायकोला असल्या ठिकाणी नेण्याची पद्धत आमच्यात नव्हती.

संध्याकाळी बसून बेत आखला. फार दिवसांनी कामाचा माणूस झाल्यासारखं वाटलं. लीलाला दाखवला. तिनं वाचला आणि जरा हसली.

१५ मे, गुरुवार

आले! समीरनं स्टेशनवरच विचारलं, "काका, पहिलं कुठं?" पोरगा कामाचा आहे.

सुप्रियानं कपडे आणलेत. उन्हाळ्यासाठी म्हणे. मला गुडघ्यापर्यंतची चड्डी — तिला बर्म्युडा म्हणायचं — आणि केशरी टीशर्ट. लीलाला सुती पंजाबी ड्रेस, निळी बुट्टी. "बाबा, सगळे घालतात आता. घालून तर बघा." घातली. आरशात बघितलं. चोपन्नाव्या वर्षी मी पुन्हा चौथीत गेलो. भगवंतरावांनी कठड्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "कपडा कमी पडला का?"

लीला "नको गं बाई, या वयात" म्हणाली आणि ड्रेस कपाटात ठेवला. सगळ्यात वर ठेवला, हे मी बघितलं.

१६ मे, शुक्रवार

सकाळी सहाला गाडीवरचा डोसा, लोण्यात भिजलेला. मग मुंजल. पुण्याच्या पोरांना ते ताडगोळे म्हणून सांगावे लागले. दुपारी बिर्याणी. रश्मी शाकाहारी, तिनं मिरची का सालन आणि दही-भात खाल्ला, नंतर जर्दाळूचं गोड, खुबानी का मीठा, दोन वाट्या. संध्याकाळी मिरची भजी. बर्म्युडा घालूनच फिरलो. पायांना वारा लागतो, हे खरं आहे.

लीला बँकेत. सुप्रिया आमच्याआधीच घरी परतली होती; आम्ही आलो तर दोघी बोलत बसल्या होत्या. मी आत गेल्यावर गप्प झाल्या. विशाखापट्टण असणार, दुसरं काय!

१८ मे, रविवार

आजचं नीट लिहायला हवं.

सुप्रियानं हट्टानं लीलालाही बाहेर काढलं. निळा ड्रेस घालून आली. वीस वर्षांनी लहान दिसत होती, पण मी बोललो नाही. चालायला लागली तर मीच मागे पडलो. साडीत ती हळू चालते असं मी धरून चाललो होतो.

कोठीला माझं ठरलेलं इराणी हॉटेल. मी पुढे, सगळे मागे. म्हटलं, इथला चहा प्यायला नाही तो हैदराबादला आलाच नाही. दारातच पांढऱ्या दाढीचा वेटर भेटला. मी हात वर केला, तीस वर्षांची ओळख! तो माझ्याकडे न बघता लीलाला म्हणाला, "मेडम, आज इतवार को? कल नै आये तो मैं समझा तबियत खराब है. आपका कमरा खाली हैच."

आणि फॅमिली रूमचा पडदा बाजूला धरला.

आम्ही पाच जण त्या खोपटात कसेबसे बसलो. तो गेला आणि कोणी काही मागवण्याआधी एक चहा, एक ऑम्लेट, दोन पाव घेऊन आला. लीलापुढे ठेवलं. मग आमच्याकडे वळून, "आज मेडम के साथ लोगां भी हैं! तुम लोगां को क्या लाऊं?"

सुप्रिया नुसती "आई!" म्हणाली. समीर हसायला लागला, मग माझ्याकडे बघून थांबला. लीलानं शांतपणे पाव तोडला. "शनिवारी बँक बारालाच सुटते," म्हणाली. "थोडा वेळ बसते इथं."

शनिवारी ती साडेतीनला घरी येते. बॅलन्स जुळत नव्हता, म्हणते. मी तर बँकेलाच शिव्या घालायचो!

घरी आल्यावर विचारलं, कधीपासून? "आईंचं आजारपण चालू होतं तेव्हापासून." कोणाबरोबर? "कोणी नाही." आणि अंडं? तर म्हणाली, "अंड्याचं मला काही नाही. तुमचा केक आत कच्चा राहतो. तुम्ही एवढं खपून करता, तोंडावर कसं सांगायचं?"

मला राग आला, हसूही आलं. जास्त काय आलं ते कळत नाही.

१९ मे, सोमवार

मुलं गेली. सुप्रिया निघताना म्हणाली, "बाबा, आईशी बोला." बोलतोच की रोज.

२१ मे, बुधवार

कशात लक्ष नाही. पेपर दोनदा वाचला. व्हरांड्यातून फाटकापर्यंत, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत. बाई ऑम्लेटसाठी पडद्याआड जाऊन बसते, माझ्या घरात! चूक आमचीच. आईचा नियम मी कधीच काढून टाकायला हवा होता. एवढीशी गोष्ट आणि बिचारीनं चोरून खाल्लं.

२४ मे, शनिवार

नियम काढला. गॅसवर, देवघराच्या भिंतीपलीकडे, ऑम्लेट केलं — कांदा, कोथिंबीर, मिरची. पाव तुपावर भाजले. सकाळीच तिला सांगून ठेवलं होतं, आज बाहेर बसू नकोस, इथं गरम मिळेल. साडेबारापासून फाटकाकडे डोळे लावून बसलो.

साडेतीनला आली. ऑम्लेट पार गारठलं होतं. तरी सगळं खाल्लं, "छान झालंय" म्हणाली. मी म्हटलं, मग उशीर का? "अशीच," म्हणाली.

अशीच म्हणजे काय? वेटरपेक्षा माझ्या ऑम्लेटात कांदा जास्त आहे, बाकी काय कमी आहे?

२६ मे, सोमवार

ठरवलं. लीलानं जायचं! तिसऱ्यांदा नाकारणं म्हणजे अन्याय आहे. आणि मी का घाबरत होतो? इथं एकटा राहण्याला. मग एकटं राहायचंच कशाला? मला काय कारखाना धरून ठेवतोय? मीही जाईन. तिथं समुद्र आहे, सकाळी बर्म्युडा घालून फिरीन. ती ऑफिसातून येईल तेव्हा चहा तयार. इतकी वर्षं तिनं माझं केलं, आता मी तिचं करीन.

जेवताना सांगितलं. घास हातात तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "बघू," म्हणाली.

मी इतका हलका झालो की भांडीसुद्धा घासली.

२९ मे, गुरुवार

स्टॅबिलायझर आणला. केक फुगला आणि फुगलेलाच राहिला! सुई घालून बघितली, कोरडी निघाली. लीलानं अख्खा तुकडा खाल्ला आणि दुसरा मागितला. भगवंतरावांना किल्ली देऊन ठेवीन म्हटलं, झाडांना पाणी घाला. ते म्हणाले, "हौ, पण केक कोण देईल?" विशाखापट्टणच्या गाड्यांची चौकशी केली. रात्रभराचा प्रवास. ओव्हन हातात धरून न्यावा लागेल, लगेजमध्ये काच फुटेल.

३१ मे, शनिवार

लीला साडेतीनला आली. होकार दिला म्हणाली. मी अभिनंदन केलं आणि ओव्हनसाठी खोका शोधायला माळ्यावर चढलो. ती खाली शिडी धरून उभी राहिली.

"तुम्ही येऊ नका," म्हणाली. "सणावाराला या, मीही येईन. पण मी बँकेकडे एकटीची खोली मागितलीय. लग्नाआधी वडिलांच्या घरी, नंतर तुमच्या. मला एकदा एकटीनं राहून बघायचंय. रागावू नका."

मी माळ्यावरूनच "बरं" म्हटलं. खाली उतरायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तिनं शिडी सोडली नाही.