आधी जेवण, मग किल्ला

२ ऑक्टोबर २०१७, सोमवार. नॉर्थ यॉर्क, कॅनडा

टूरचे पैसे भरले, आता परत मिळणार नाहीत, असं नेल्सनने आज सांगितलं. म्हणजे कोणी माघार घेऊ शकत नाही. बरं झालं. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून ह्या मुलाने आणि सुनेने विचारलं, कुठे जायचंय? मी म्हटलं जपान. तिथले किल्ले बघायचेत. शेरॉन म्हणाली, "मम्मी, लोक क्रूझवर जातात." जाऊ देत. ह्यांना बुलेट ट्रेनमध्ये बसायचंय, तेवढ्यावर हे तयार झाले. पन्नास वर्षांत एका किल्ल्यावर पाय ठेवला नाही माणसाने. वसईला होतो तेव्हा मी महिला मंडळाच्या बायकांबरोबर डोंगरावर, हे घरी पेपर घेऊन.

गुडघा जानेवारीत बदलायचा आहे. सर्जन म्हणाला, नंतर चालाल झकास, पण उभ्या जिन्यांचं आत्ता काही सांगत नाही. म्हणजे आपल्या स्वतःच्या गुडघ्यावर हा शेवटचाच. हिमेजीचा किल्ला. आत लाकडी जिने आहेत, शिडीसारखे, पार वरपर्यंत. त्या वरच्या मजल्यावर उभं राहायचंय. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल.

१० ऑक्टो., मंगळ

काल थँक्सगिव्हिंग. टर्की कोरडी झाली होती. बोलले नाही.

आज कॉन्डोच्या जिन्यात सराव. लिफ्ट असताना जिन्याने कोण जातंय? नुसता सिमेंटचा वास आणि मी. पाच मजले बरे गेले, मग गुडघा कुरकुरायला लागला. सिक्युरिटीवाल्याने कॅमेऱ्यात बघितलं, धावत आला, "मॅम, आर यू लॉस्ट?" संध्याकाळी नातीला सांगितलं तर रिया म्हणते, "ग्रँडमा, दॅट्स सो एम्बॅरसिंग." ह्यांना हसू आवरेना.

लायब्ररीतून जपानी किल्ल्यांचं पुस्तक आणलंय. लहान मुलांचं आहे, चित्रं मोठी. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचते. दरवाजा समोर दिसतो पण वाट सरळ जात नाही, वळवून वळवून नेतात, म्हणजे वरून शत्रूला झोडता येतं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे! एवढा आनंद झाला की शेरॉनला स्वयंपाकघरातून हाक मारली. ती म्हणाली, "नाइस, मम्मी," आणि डिशवॉशर लावला.

२१ ऑक्टो., शनि

ब्रॅम्प्टनला टूरवाल्यांची मीटिंग. सगळे सीनियर, बहुतेक गुजराती, प्रेमळ माणसं. टूर नेणारा मनीषभाई. त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "प्युअर व्हेज ग्रुप है, रोज लंच इंडियन रेस्टॉरंट में." टाळ्या.

आम्ही वसईची माणसं, सुक्या बोंबलावर वाढलेली. नेल्सनने बुक करताना हे बघितलंच नाही! हे म्हणाले, "दोन आठवडे डाळभात खाल्ला तर मरणार नाहीस." खाण्याचं नाहीच मुळी. मी हात वर करून विचारलं, हिमेजीला किती वेळ? मनीषभाई: "आंटी, आराम से देखेंगे, टेन्शन मत लो." हे ऐकलं की मला टेन्शन येतं.

७ नोव्हें., मंगळ. क्योटो

काल बुलेट ट्रेन झाली. ह्यांची टूर तिथेच संपली, आता उरलेले दिवस कंटाळणार.

आज सेकिगाहारा. जपानातली सगळ्यात मोठी लढाई झालेलं मैदान. कापलेल्या भाताची शेतं, मध्ये मध्ये झेंडे आणि दगड. कुठे कोणाची छावणी होती ते त्यावर लिहिलंय. मला एका टेकडीपासून समोरच्या टेकडीपर्यंत चालायचं होतं. शेतातून चालल्याशिवाय लढाई कळत नाही. बस रस्त्याच्या कडेला थांबली, सगळ्यांनी झेंड्यापाशी फोटो काढले, चला चला चला. का? तर क्योटोच्या रेस्टॉरंटने थाळीची वेळ बांधून दिलीय.

इथली गाइड युकोबाई चांगली आहे. तिने बोट करून दाखवलं, त्या डोंगरावर एक तरुण सरदार दुपारपर्यंत गप्प बसून होता, कोणाच्या बाजूने उतरायचं ते ठरत नव्हतं. मग उतरला तो आपल्याच लोकांवर, आणि लढाई फिरली. त्याच्यामागे मनीषभाई असता तर "राजमा ठंडा हो रहा है" म्हणून सकाळीच उतरवला असता.

पुढे वाटेत हिकोनेचा किल्ला खिडकीतून दिसला. जुना, खरा. दिसला आणि गेला.

जेवायला पनीर.

८ नोव्हें., बुध. ओसाका

किल्ल्यात लिफ्ट!

बाहेरून बघितलं तर जीव हरखला. खंदकाच्या भिंतीतला एकेक दगड आमच्या हॉलच्या भिंतीएवढा. आत गेले तर सिमेंट, काचेची कपाटं, आणि लिफ्टची रांग. नंतर बांधलेला आहे म्हणे. हे लिफ्टमध्ये भुवया उडवून म्हणाले, "फिलू, किल्ला असावा तर असा." मी खाली येईपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही.

गडावर गेलं की आधी पाणी कुठे ते विचारायचं, ही आमची मंडळातली सवय. तर मी मनीषभाईला विचारलं, "ऊपर पानी किधर है?" त्याने पिशवीतून बाटली काढून दिली. प्यायले.

उद्या हिमेजी. गुडघ्याला तेल लावलं. हे म्हणतात, वास येतोय.

९ नोव्हें., गुरु. ओसाका

लिहवत नाहीये. पण लिहिते.

सकाळीच हिमेजीला जायचं असं ठरलं होतं. मग नाश्त्याला कळलं, कोबेच्या रेस्टॉरंटात एवढ्या मोठ्या ग्रुपला उशिराच जागा आहे. म्हणजे आधी कोबे, मग जेवण, मग किल्ला. मी म्हटलं, उलटं करा, आधी किल्ला. जेवण राहू द्या, मी सगळ्यांना बिस्किटं वाटते. बायका हसल्या. "आंटीजी, शुगरवाले हैं, दवाई खाने के साथ लेनी पड़ती है." खरं आहे तेही. त्यांना काय दोष देऊ? कोबेला जेवायला बसलो तेव्हाच माझं लक्ष घड्याळाकडे. गुलाबजाम यायचे होते. गुलाबजामसाठी थांबलो!

पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. पांढराशुभ्र, एवढा मोठा, जसा काही आत्ता चुना दिलाय. आणि तिकिटाची खिडकी बंद. चार वाजले की आत सोडत नाहीत.

मनीषभाईने त्याच्या परीने सगळं केलं. दारावरच्या माणसापुढे हात जोडले, "सर, फ्रॉम कॅनडा, सीनियर सिटिझन, लिटिल अॅडजस्ट प्लीज." तो माणूस कमरेत वाकला. मनीषभाई अजून वाकला. तो अजून वाकला. असं दोघांचं चाललं बराच वेळ, पण दार काही उघडलं नाही. आपल्याकडे एवढ्या विनवण्या केल्या तर कोणीतरी म्हणतंच, बरं जा, लवकर या. आपल्याकडच्या गडाला तिकीटही नसतं आणि कुलूपही. पहाटे चढा नाहीतर देवळात झोपा. माझ्या डोक्यात तेच होतं. किल्ला बंद होतो हे मलाच सुचलं नव्हतं, मग मनीषभाईला काय बोलू?

ग्रुपने खालूनच फोटो काढले. एक बाई पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "फोटो तो आ गया ना?"

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. हे म्हणाले, "चढून परत खालीच यायचं होतं ना?"

हॉटेलवर आल्यावर सांगितलं, उद्या तुमचं शॉपिंग आहे, तुम्ही जा. मी ट्रेनने हिमेजीला जाणार. एकटी.

"वेडी झालीस काय?"

झाले.

१० नोव्हें., शुक्र. ओसाका

मी खाली आले तर हे बूट घालून लॉबीत बसलेले. "तू हरवलीस तर नेल्सनला काय सांगू?" मनीषभाईने "अपने रिस्क पर, आंटी" एवढं दहा वेळा ऐकवलं. युकोबाईने कागदावर स्टेशनची नावं काढून दिली. सोपं होतं. ट्रेनमध्ये हे सारखे म्हणत होते, आपण उलट दिशेला चाललोय. चाललो नव्हतो.

दार उघडं होतं. वाट वळत वळत वर जाते, पुस्तकात होती अगदी तशीच. प्रत्येक वळणावर भिंतीत बाण-बंदुकीसाठी भोकं, त्रिकोणी, गोल, चौकोनी. मी प्रत्येकातून वाकून बघितलं. हे मागून, "आटप, लोक थांबलेत." आत बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे. लाकूड गुळगुळीत, मोजे सरकतात. जिना म्हणजे शिडीच. एक हात कठड्याला, पिशवी ह्यांच्याकडे, आणि चढायचं. पहिले मजले मी जिंकले. खरंच. ह्यांना धाप लागली, मला नाही.

शेवटच्याच्या आधीच्या मजल्यावर गुडघा अडकला. वाकेना, सरळही होईना. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मागे रांग. बाजूला सरून खिडकीखाली बसले. एका मुलीने पाणी दिलं. वर जिना दिसत होता. वरून उजेड येत होता, लोकांचे पाय दिसत होते.

हे म्हणाले, "पुरे झालं. चल खाली."

मी म्हटलं, "तुम्ही वर जा."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"जा, बघून या, आणि मला सांगा!" ओरडलेच. जपानात कोणी ओरडत नाही.

गेले. दोघांचे बूट हातात घेऊनच गेले. बराच वेळ आले नाहीत. मग आधी मोजे दिसले, मग हे.

"काय दिसलं?"

"गाव दिसलं सगळं. स्टेशन दिसलं."

"समुद्र कुठल्या बाजूला?"

"समुद्र? बघितला नाही."

"आपण आलो ती वाट वरून दिसते का? दरवाजे कसे दिसतात?"

"अगं, मी बूट सांभाळू की दरवाजे बघू? वर एक देऊळ आहे छोटंसं. लोक पैसे टाकत होते. मी आपला क्रूस केला."

"छपरावर मासे आहेत ना कौलाच्या मातीचे, ते जवळून दिसतात का?"

"मासे होते का?"

पन्नास वर्षं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माणूस आपल्या पायांनी किल्ल्याच्या माथ्यावर गेला आणि हे घेऊन आला.

उतरताना ह्यांनी पुढे होऊन माझा पाय एकेका पायरीवर धरून ठेवला. त्याबद्दल काही म्हणायचं नाही. रागातच उतरले. बाहेर एका दुकानात ह्यांनी बोटाने दाखवून काहीतरी मागवलं. भातावर भाजलेली वाम! आमच्यासारखी नाही, गोड रसातली, पण वामच. ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. मीही खाल्ली. पोट भरलं तरी राग गेला नाही.

१९ नोव्हें., रवि. नॉर्थ यॉर्क

थंडी, जेटलॅग, गुडघा सुजलेला. तरी चर्चला मिस्साला गेलो.

मिस्सा झाल्यावर खाली हॉलमध्ये कॉफी. आपली मंडळी जमली. ह्यांनी सुरू केलं, "आम्ही अगदी टॉपपर्यंत गेलो. ही चढण! हात सोडला तर गेलात." लोक वा वा करताहेत. "वरून सगळं शहर दिसतं. मासे बसवलेत छपरावर." मासे! मीच सांगितलेले मासे! मी कॉफी ढवळत राहिले, साखर केव्हाच विरघळली होती.

घरी येऊन विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?"

"मग काय सांगू? बायको अर्ध्यात बसली म्हणून?"

"अर्ध्यात नाही. एक मजला राहिला."

"तेच ते."

तेच ते नाही. शेरॉन मध्ये पडली, "मम्मी, पप्पा, प्लीज, रिया इज स्टडीइंग." मी खोलीत आले, लायब्ररीचं पुस्तक काढलं. परत करायची तारीख उलटून गेलीय. वरच्या मजल्याचं चित्र त्यात आहेच. दोन पानांवर, सगळ्या खिडक्यांसकट. ते बघून उलट जास्तच वाईट वाटलं. पुस्तक मिटलं.

६ डिसें., बुध

हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधीची तपासणी. नेल्सनला ऑफिस, शेरॉनला मीटिंग, म्हणून हे बरोबर. बसमध्ये बोलणं नाही. पहिला बर्फ पडून गेलाय, फुटपाथवर मीठ टाकलेलं, तरी ह्यांनी कोपर धरूनच चालवलं.

फिजिओवाली तरुण मुलगी, हसरी. विचारते, ऑपरेशननंतर तुमचं गोल काय? म्हणजे परत काय करता यायला हवं. ग्रोसरीला जाणं? सबवेचे जिने? मी म्हटलं, हो, जिने. "व्हॉट काइंड ऑफ स्टेअर्स?" इंग्लिश तोंडाशी येईना, आणि सांगून तिला काय कळणार होतं? म्हटलं, नॉर्मल, नॉर्मल.

हे खुर्चीतून उठले. "नो नो. नॉट नॉर्मल." हात तिरका धरून दाखवला तिला. मग अजून उभा केला. मग अजून. बरोब्बर तेवढाच उभा. मला वाटलं होतं ह्यांनी काही बघितलंच नाही.

ती हसली. "सर, दॅट्स अ लॅडर."

"येस. लॅडर. इन जपान. शी क्लाइम्ड ऑल." मग माझ्याकडे न बघता, "ओन्ली वन फ्लोअर बॅलन्स."

मुलीने माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग ह्यांच्या हाताकडे. हात अजून तसाच हवेत तिरका. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. कॉम्प्युटरकडे वळली आणि टाइप करायला लागली.