बारा मूर्तींचे डोळे

पेण, ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मालूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नको. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि लिहायला बसलो की हात कापतो. पण तुझ्या रितेशच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट होऊन बसली आहे.

परदेशातल्या प्रदर्शनात त्याला काम लागलं, तेव्हा तू पेढे पाठवलेस. त्याच प्रदर्शनासाठी त्याने माझ्या कारखान्यातून शाडूचे बारा गणपती मागवले. कोरे पांढरे हवेत, डोळे आखायचे नाहीत, असं प्रदर्शन मांडणाऱ्या तिथल्या बाईंचं सांगणं होतं. आळीत कळलं, तशी शेजारच्या कारखान्यातले दाजी दारात येऊन म्हणाले की दिनानाथ, आंधळे गणपती विलायतेला धाडून पेणचं नाव काढतोस व्हय? तेव्हापासून आळीत कुणी माझ्याशी नीट बोलत नाय.

मी रितेशला शब्द दिला होता गो. पण खोकी बंद करायच्या आदल्या दिवशी मूर्तींसमोर बसलो आणि राहवलंच नाही. माझ्या दारातून आजवर बिनडोळ्यांची मूर्ती गेलेली नाही. बाराही मूर्तींचे डोळे आखले आणि त्याला कळवलं नाही. आता पोराची नोकरी जाईल काय? जिवाला घोर लागला आहे. गोविंदरावांना नमस्कार.

तुझा दादा

रोहा, ता. २० फेब्रुवारी

ती. दादास, मालूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं अक्षर लावता लावता ह्यांची धाटावला कामावर जायची बस चुकली. चुकली ते बरंच, घरी बसून दोघांनी मिळून वाचलं.

नोकरी शाबूत आहे, पण रितेश बरा नाही. बाईंनी प्रदर्शनाला 'न दिसणारे कारागीर' असं काहीसं नाव दिलंय, आणि डोळ्यांत कारागिराचा हात दिसतो, म्हणून डोळे नकोत. त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा रितेशच्याच हातात दिला. अकरा मूर्तींचे डोळे त्याने बुजवले. बाराव्या मूर्तीपाशी त्याला मामाच समोर बसून बघतोय असं वाटलं म्हणे, ब्रश उचलेना. ती मूर्ती खोक्यात लपवून फुटली म्हणून सांगितलं. भिंतीवर बाईंचं नाव आहे, तुझं नाही. ह्याने विचारलं, तर नाव लावलं की कारागीर दिसेल, असं उत्तर मिळालं.

पुढच्या महिन्यात तो येतोय, पण पेणला तोंड दाखवायला भितो. दादा, तुझी बाजू मला कळते. पण मी त्याची आई आहे, त्याला बोलू नकोस.

तुझीच मालू

पेण, ता. २८ फेब्रुवारी

चि. सौ. मालूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोन दिवस कारखान्यात गेलो नाही. रितेशला सांग, मामा रागावलेला नाही. परक्या मुलखात एकटं पोर, काय करणार? ती बारावी मूर्ती मात्र सामानात टाकू नको म्हणावं, मांडीवर घेऊन ये. शाडूला धक्का सोसत नाही. दाजींना मी स्वतः बोलावून दाखवीन. आणि माझा हात आता भरवशाचा नाही, यंदा आखणीला त्याने माझ्याजवळ बसावं.

एक गोष्ट जिवाला लागून राहिली आहे. त्या अकरा मूर्तींवर त्याने पांढऱ्याचा एकच हात मारला की दोन? माझा काळा रंग दाट असतो. एका हाताखाली तो दबून राहत नाही, महिन्या-दीड महिन्यात वर दिसायला लागतो. प्रदर्शन पावसाळ्यापर्यंत आहे असं ऐकतो. एक की दोन, तेवढं त्याला विचार आणि लगेच कळव. वाट बघतो आहे.

तुझा दादा
दिनानाथ