तीन फ्रेम उशीर

१२ सप्टेंबर

कुसाकाची बायको आली होती. माझ्याकडे! अठ्ठावीस वर्षांनी!

तोमोएबाई माझ्या रिपेअरच्या दुकानाच्या दारातच कमरेत वाकल्या त्या वाकलेल्याच. "मार्चमध्ये ह्यांना झटका आला. डावी बाजू गेली." मी म्हटलं, अरेरे. तोंडाने म्हटलं. आत उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला लिहू, ही वही कोण वाचणार आहे!

काम असं — आमचं जुनं 'गिन्सेई' गेम पार्लर चार नोव्हेंबरला कायमचं बंद होतंय. म्हातारा कुसाका तिथला मुख्य मेकॅनिक, मी नऊ वर्षं त्याच्या हाताखाली. शेवटच्या दिवशी जुनी टोळी जमणार, खेळणार. म्हाताऱ्याला साकाई गावच्या हिराओकाशी, जुन्या प्रतिस्पर्ध्याशी, एकदा खेळायचंय, बस. पण आमच्याकडे खेळाचा दांडा डाव्या हातात, बटणं उजव्या. जन्मभराची सवय. आता डाव्या हाताने दांडा फिरत नाही, नुसती दोन बोटं दाबता येतात. म्हणून दांडा-बटणांची उलटी पेटी हवी. दांडा उजवीकडे. आणि टीव्हीला जोडून खेळायच्या चारही जुन्या मशीनला चालली पाहिजे, कारण त्या दिवशी प्रत्येक डाव वेगळ्या मशीनवर.

"ते म्हणाले, ओसाकात हे काम करेल तर फक्त मित्सुयो."

म्हणाला का! माझ्यासमोर नऊ वर्षांत एकदा म्हणाला नाही.

हो म्हटलं.

१५ सप्टेंबर

चार जुने कंट्रोलर फोडले. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. तिघांत सगळ्या बटणांची परतीची वायर एकच, चौथ्यात प्रत्येकाची वेगळी — शहाणा! सगळ्या वायरी आधी एका पट्टीवर आणायच्या आणि तिथून चार मशीनसाठी चार शेपट्या काढायच्या. पट्टी मीच आखली. सुंदर झालीय.

१८ सप्टेंबर

आज कारण लिहूनच टाकते.

१९९१. दुपारी दोनला इस्पितळातून पार्लरमध्ये फोन आला — आईचं काही खरं नाही, मुलीला पाठवा. फोन कुसाकाने घेतला. मी मशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते. पाच वाजता काम संपलं तेव्हा हात पुसत म्हणाला, "ए मित्सु, तुझ्यासाठी इस्पितळातून फोन होता. आधी सांगितलं असतं तर अर्धवट टाकून पळाली असतीस."

मी पोचले तेव्हा आईच्या तोंडावर पांढरं फडकं होतं.

एक शब्द बोलले नाही त्याला. दुसऱ्या दिवशीपासून गेलेच नाही.

२० सप्टेंबर

पट्टीवर एक चिप बसवली. नखाएवढी. बटण दाबलं, दांडा हलवला की ती निरोप धरून ठेवते आणि मग सोडते. तीन फ्रेम. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा हिस्सा. साध्या माणसाला काही कळणार नाही. कुसाकासारख्याला हाडात कळेल — आणि त्याला वाटेल, आपले हातच गेले!

त्याने मला तीन तास उशीर केला. मी काय मोठं करतेय?

२३ सप्टेंबर

पेटी पोचती केली. म्हातारा चाकांच्या खुर्चीत. तोंड एका बाजूला ओघळलंय. पेटीवरून बोट फिरवलं. आभार? छे! "कडा घासायची राहिलीय," म्हणाला.

बरं झालं चिप बसवली.

२ ऑक्टोबर

तोमोएबाईंचा फोन. "ते म्हणतात, हात उशिरा पोचतात. पेटीत काही..."

मी मध्येच तोडलं. "पेटी झकास आहे हो, मी स्वतः तपासलीय. आजार आहे, वय आहे. मन घट्ट करा."

त्यांनी ऐकून घेतलं. मग, "बरं."

फोन ठेवला आणि भूक लागली. दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

११ ऑक्टोबर

बघायलाच गेले. म्हटलं, आपल्या डोळ्यांनी बघू.

एकच डाव खेळत होता. स्क्रीनवर समोरच्याने ठोसा मारला की त्याच क्षणी उलटा ठोसा हाणायचा — त्याचा हुकमी डाव. चुकला. पुन्हा. चुकला. पुन्हा. चाळीस वेळा मी मोजलं, मग सोडून दिलं. मान भिजली होती घामाने. लाळ गळत होती, पुसायला हात मोकळा नाही. तोमोएबाई पुसत होत्या.

"सोडून द्या ना कुसाकासान," मी गोड आवाजात म्हटलं. "प्रत्येक गोष्टीचं एक वय असतं."

"तू गप. काम कर जा तुझं."

तोमोएबाईंनी पर्सिमॉन सोलून दिलं. माझ्याकडे बघत राहिल्या. फळ गोड होतं, सगळं खाल्लं.

१२ ऑक्टोबर

वादळ. दुकान बंद.

२६ ऑक्टोबर

पुन्हा गेले. का जाते कोण जाणे!

आज दहातले सात बसत होते. मी बघतच राहिले. तीन फ्रेमचा धोंडा गळ्यात आणि दहातले सात! "कसं काय?" — निघून गेलं तोंडातून. स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "हात उशिरा पोचतो ना? मग आधी निघायचं."

घरी येऊन चिडचिड झाली. जळ्ळा मेला, मरतही नाही आणि हरतही नाही.

१ नोव्हेंबर

झोप नीट नाही. चिप काढावी का?

दया वगैरे नाही. चार तारखेला टोळीतला कुणीतरी पेटी उघडणारच, ह्या लोकांना दुसऱ्याची वायरिंग बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मग? मित्सुयोने आजारी माणसाला फसवलं, हेच म्हणतील. दुकान बुडेल माझं.

आणि थोडी दया. लिहिते. थोडी आहेसुद्धा. लाळ पुसून घेताना तो डोळे मिटून घेतो ना, ते आठवतं.

३ नोव्हेंबर

"उद्याच्या आधी एकदा साफ करून देते," म्हणून पेटी सकाळी आणली. चिप काढली, सरळ वायर टाकली. कडाही घासली. दुपारी परत नेऊन दिली. तो झोपला होता. तोमोएबाई म्हणाल्या, उद्यासाठी ताकद राखून ठेवतायत, आज पेटीला हात लावणार नाहीत.

हलकं वाटतंय. कशाला खोटं बोलू, छान वाटतंय! उद्या म्हातारा जिंकेल आणि त्याला कधीच कळणार नाही की मी जिंकू दिलं.

४ नोव्हेंबर

हरला.

नुसता हरला नाही. धुव्वा.

पहिला डाव. हिराओकाने ठोसा उचलला, म्हाताऱ्याचा उलटा ठोसा रिकाम्या हवेत. हिराओकाचा नंतर येऊन बसला. पुन्हा तसंच. लोकांना वाटलं, घाबरलाय, घाई करतोय. मागून कुणी ओरडलं, "सावकाश, कुसाकासान, सावकाश!" मला मात्र दिसलं. तो घाई करत नव्हता. तो प्रत्येक वेळी आधी निघत होता. तीन फ्रेम. नेमक्या तीन!

देवा! सहा आठवडे बसून त्याने हात त्या उशिराला बांधले होते, आणि मी काल तो उशीरच काढून घेतला.

ओरडावंसं वाटलं — थांबा, पेटी बदला! काय सांगून थांबवणार होते?

दुसरं मशीन. तिसरं. एक डाव नाही मिळाला. हिराओका मासे विकणारा रांगडा गडी, शेवटी शेवटी तो मुद्दाम चुकायला लागला, आणि ते सगळ्यांना दिसलं. म्हाताऱ्यालाही. त्याने दांडा सोडला. हात मांडीवर ठेवून बसला. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. असल्या टाळ्या माझ्या वैऱ्यावरही येऊ नयेत — वैरीच की तो माझा!

निघताना माझ्यासमोरून खुर्ची गेली. त्याने माझ्याकडे बघितलं.

५ नोव्हेंबर

तोमोएबाईंचा फोन. आवाज अगदी शांत.

"ह्यांनी आज पेटी उघडली. विचारतायत, चिप काढायला तुला सांगितलं कुणी? तुम्ही पेटी आणलीत त्याच संध्याकाळी ती बघितली होती त्यांनी. उजेडाला बॅटरी मीच धरली होती. म्हणाले, राहू दे, तिच्या आईच्या त्या फोनची फेड आहे ती, माझीच आहे."

मग म्हणाल्या, "परत बसवून द्या. त्यांना आता दुसरं काही जमत नाही."