चौऱ्याण्णव टक्के

३ ऑक्टोबर
ओश शहरातल्या इस्पितळाच्या अपघात विभागात रुजू. गणितात पीएच.डी. करून इथे आलेला मी पहिलाच. रक्तस्राव म्हणजे शेवटी एक समीकरण. डिसेंबरपर्यंत सर्जन मला विचारूनच चाकू उचलतील. विभागप्रमुख सालीमा-एजे (एजे म्हणजे इथली ताई) म्हणाल्या, आधी बूट बदल, रक्तावर घसरशील. घसरलो. फरशीला उतार आहे.

९ ऑक्टोबर
घोड्यांच्या खेळात दोघांच्या बरगड्या मोडल्या. बाजारात एकाने दुसऱ्याचा कान चावून तोडला. डेटा उत्तम येतोय. कान पाहून उलटी झाली. सकाळची मांती (खिम्याचे वाफवलेले मोदक) शिळी असावी.

१४ ऑक्टोबर
कोण वाचेल हे सांगणारं मॉडेल तयार. जुन्या चारशे रुग्णांवर अचूक. एजे म्हणाल्या, पोरा, त्या चारशेंवरूनच तर बनवलंस, नव्या माणसाचं सांग. मोठ्या पदावरही मत्सर सुटत नाही.

२१ ऑक्टोबर, दुपारी २
खाटीक गल्लीत भांडण. कुबात नावाचा तिशीतला माणूस, पोटात तीन वार. आत ऑपरेशन चालू. बाहेर थोरला भाऊ सेयितबेक, बाह्या कोपरापर्यंत लाल, भिंतीवर मुठी आपटतोय. नातेवाइकांशी बोलायचं नाही, असं एजेंनी बजावलंय. पण विज्ञान लपवायचं कशाला? सांगितलं, वाचण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के. त्याने मला उचलून मिठी मारली. लगेच आईला फोन केला, कुबात वाचला म्हणून. करिअरला सुरुवात झाली.

संध्याकाळी ५
कुबात गेला. चौऱ्याण्णव म्हणजे शंभर नव्हे, हे सेयितबेकला समजावायला गेलो. वाक्य अर्धं राहिलं. पहिल्या ठोशात जबडा, दुसऱ्यात दोन दात. नंतर खुर्ची.

२४ ऑक्टोबर
जबडा तारेने आवळलाय. पोलीस आले. जिन्यावरून पडलो, असं लिहून दिलं. संशोधकाने तटस्थ राहावं. शिवाय सेयितबेकचे आणखी तीन भाऊ आहेत.

२६ ऑक्टोबर
सेयितबेक सुपाचा डबा घेऊन आला. माफी मागितली नाही. सुजलेल्या मुठीने डब्याचं झाकण उघडलं. मग म्हणाला, मास्तर, पहिला फोन ऐकून आईने शेजाऱ्यांना चहा पाजला. दुसरा फोनही मलाच करावा लागला. आता ती मला विचारते, तू खोटं का बोललास.
मी वहीत संभाव्यतेची व्याख्या लिहून दाखवली. त्याने वही मिटून माझ्या छातीवर ठेवली. म्हणाला, तार निघाली की घरी चल, तिच्यासमोर बसून तूच सांग.
मी मान हलवली.
तार सहा आठवड्यांनी निघेल. आठ आठवडे ठेवता येईल का, असं एजेंना चिठ्ठीवर लिहून विचारलंय.