व्हॅनमधला फ्रीज कशावर चालवावा

३ मार्च
व्हॅन दारात आली. जुनी आहे, पण आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं आहे. फक्त फ्रीज नाही. हिला समुद्र दाखवतो असं लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणालो होतो. त्याला एकतीस वर्षं झाली. हिची अट एकच: इन्सुलिन थंड राहिलं पाहिजे. फ्रीज कशावर चालवायचा याचा निकाल आठ दिवसांत लावणार. विजेच्या ऑफिसात तेहतीस वर्षं काढली आहेत. तक्रार विभागात का असेना.

९ मार्च
जावई आले. न विचारता सल्ला. म्हणे, वेगळी बॅटरी बसवा, टपावर सोलर पॅनल आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज घ्या. एका दिवसाचं काम आहे, रविवारी येऊन करून देतो. एका दिवसात होणाऱ्या कामामागे विचार नसतो. नको म्हणालो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, येऊ द्या की त्यांना. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

१६ मार्च, सकाळी ११
गॅसवर चालणारा सेकंडहँड फ्रीज मिळाला. ना बॅटरी, ना वायरी. जावयांना फोटो पाठवला.

संध्या. ५
थंड होत नाही. गॅसवाला म्हणतो, हा अगदी सपाट जागी उभा लागतो. आमची गल्ली उताराची. चाकांखाली विटा घातल्या.

१७ मार्च
झाला थंड! ही म्हणाली, छान, पण आता विटांवरून जायचं कसं? प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय. गॅसचा विचार रद्द. फोटोही डिलीट केला, पण तो जावयांनी पाहिलेला दिसतो.

२५ मार्च
घरातला जुना फ्रीज व्हॅनमध्ये चढवला. इन्व्हर्टर लावून गाडीच्याच बॅटरीवर. सकाळी गाडी सुरू होईना. समोरच्या 'कर्नल'नी ढकलून दिली. (फौजेत कधीच नव्हते, नुसत्या मिशा आहेत.) म्हणाले, गाडी चालवायची की फ्रीज, एक काय ते ठरवा. सणसणीत उत्तर सुचलं, पण तोवर ते घरात गेले होते.

२ एप्रिल
सखोल विचाराअंती निष्कर्ष: वेगळी बॅटरी, सोलर पॅनल, छोटा फ्रीज. जावई साधारण असंच काहीतरी बोलले होते, पण त्यांच्या बोलण्याला अभ्यासाचा पाया नव्हता. त्यांना कळवायचं नाही असं हिला बजावलं. वायरिंग स्वतः केलं. थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला. थंड म्हणजे थंड! सोबतच्या पत्रकात काहीतरी सूचना होत्या. अक्षर फार बारीक.

११ एप्रिल
चाचणी सहल. तळ्याकाठी मुक्काम. महिनाभराची इन्सुलिनची पेनं फ्रीजमध्ये. ही पाण्यात पाय सोडून बसली आणि चक्क गुणगुणली. किती वर्षांत ऐकलं नव्हतं. श्रेय अर्थात नियोजनाला.

१२ एप्रिल, सकाळी ६
पेनं कडक. आत बर्फ. म्हणजे फ्रीज अपेक्षेपेक्षाही उत्तम. मुठीत धरून बसलो, वितळली. दिसायला पहिल्यासारखीच. हिला सांगितलं नाही. उगीच घाबरते, आणि लगेच जावयांना फोन करते.

१६ एप्रिल
घरी. ही सारखी पाणी पिते, थकवा म्हणते. उन्हाळाच आहे. मीही दोन ग्लास जास्त पितो.

१९ एप्रिल
ही बाथरूमच्या दारात पडली. हॉस्पिटल. साखर मोजायच्या यंत्राने आकडासुद्धा दाखवला नाही, नुसतं 'हाय', म्हणजे मोजण्यापलीकडे.

२० एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इन्सुलिन ठेवत कुठे होतात? गोठलं की त्याचा भरवसा राहत नाही, फेकूनच द्यायचं. मी म्हणालो, फ्रीज नवा आहे, एकदम व्यवस्थित. मग नर्सने हिलाच झापलं. गोड खाल्लं असणार, सगळे पेशंट असंच करतात. ही म्हणाली, नाही हो, खरंच नाही. दोनदा म्हणाली. नर्सचा विश्वास बसला नाही. मी त्या वेळी खिडकीची कडी तपासत होतो. सैल होती.

योग्य वेळ बघून सांगणार.

२३ एप्रिल
ही घरी आली. संकल्प: आज सांगणार.

दुपारी
झोपली आहे.

संध्या. ६
चहाच्या वेळी असले विषय नकोत असं ठरवलं. तर हिनेच काढला. अहो, तळ्यावर त्या सकाळी मुठीत काय धरून बसला होतात? मला वाटलं थंडी वाजतेय तुम्हाला, म्हणून माझी शाल घातली तुमच्या अंगावर. मी म्हणालो, आठवत नाही. ही कप उचलून आत गेली. प्रकरण मिटलं.

५ मे
हिची थोरली बहीण आली. दोघी समुद्रावर निघाल्या, रेल्वेने. हॉटेलच्या खोलीत फ्रीज आहे म्हणे. मी म्हणालो, व्हॅन तयार आहे, थर्मोस्टॅट बदलला की झालं. ही बॅग भरता भरता म्हणाली, त्या सकाळी एक वाक्य बोलला असतात ना, तर विटांवरच्या गाडीतही बसले असते मी. यात तर्क नाही. आल्यावर शांतपणे समजावणार.

९ मे, दुपारी ४
फ्रीज चार दिवस अखंड पाच डिग्रीवर. हिला फोन केला. मागे लाटा, आणि बहिणीचं हसणं. आकडे वाचून दाखवले. ही म्हणाली, बरं. मी म्हणालो, आता नाही गोठणार.

ही म्हणाली, 'आता' म्हणालात तुम्ही. आणि फोन बंद.

रेंज गेली असावी.