झाकण उघडायचं नाही

उत्तर मिनेसोटा,
फेब्रुवारीतला सोमवार

प्रिय लेम्पी,

आधी निकाल सांगते, कारण तुला धीर निघायचा नाही. जमलं गं! डुकराचे चार खांदे, उणे तीसच्या थंडीत, आपल्या अंगणात, मी धुरावर शिजवले आणि अख्ख्या गावाला खाऊ घातले. आता कॉफी ओतून घे आणि सावकाश वाच.

संसार अर्ध्यावर टाकून उर्हो गेल्यावर तू म्हणालीस, "ताई, घर वीक आणि ॲरिझोनाला ये. मिनेसोटाचा हिवाळा एकटीने काढणं म्हणजे काय खायचं काम आहे?" मलाही हट्ट चढला. गोठलेल्या तळ्यावर मासेमारीचा मेळा भरतो, त्याच्या जेवणाचं मांस तीस वर्षं उर्होने केलं. यंदा मी करीन, नाहीच झेपलं तर वसंतात घर विकून तुझ्याकडे येईन, असा शब्द मी देऊन बसले. शब्द देताना जीभ भारी गरम असते, हात मात्र गारठलेले!

उर्होची मांस धुरावर शिजवायची दगडी खोली तुला आठवत असेल. लाकडं फोडणं त्याला झेपेना, म्हणून त्याने शेवटच्या उन्हाळ्यात त्याच कामाचं नवं यंत्र, स्मोकर, आणलं. त्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या ओतायच्या, बटण दाबायचं, यंत्र आपलं आपण विस्तव सांभाळतं. बिचाऱ्याला ते एकदाही पेटवायला मिळालं नाही. मेळा भरवणाऱ्या अग्निशमन दलाचा म्होरक्या तौनो म्हणाला, "सायमाबाई, शहरातून तयार मांस मागवू. तुमचं ते यंत्र या थंडीत थिजून बसेल." मी म्हटलं, "तौनो, तू विझवायचं बघ. पेटवायचं माझ्यावर सोड." सगळे हसले, पण तोंड लपवून.

शनिवारी पहाटेच लागले. गोळ्यांना दमट हवा लागू नये म्हणून पोतं आठवडाभर स्वयंपाकघरात, चुलीशेजारी ठेवलं होतं. वारा लागू नये म्हणून यंत्र सौनाच्या, आपल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीआड ओढलं. तौनो कुरकुरत का होईना, वेल्डिंगवाल्यांचं न जळणारं कांबळं घेऊन आला आणि यंत्रावर पांघरलं. "आजारी गाईला पांघरतात तसं दिसतंय," म्हणाला. खांदे आत गेले, धूर सुटला, मी खूश.

नऊ वाजले तरी तापमानाचा काटा एकशे साठ फॅरनहाइटवर अडलेला. हवे होते अडीचशे. तौनोने खिशातून फोन काढला. "अजून वेळ आहे, शहरात सांगून टाकतो. यात कसली लाज?" लेम्पी, त्या क्षणी मला घराच्या दारावर विक्रीची पाटी दिसली. मी घाबरून पुन्हा झाकण उघडलं, वाफेचा हा मोठा ढग वर गेला, काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली घसरला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. उर्हो दर अर्ध्या तासाला आत जाऊन मांस परतायचा, म्हणून मीही दर अर्ध्या तासाला उघडत होते! त्याच्या खोलीचे दगड ऊब धरून ठेवायचे. ही तर पत्र्याची पेटी. तीस वर्षं बघून शिकलेलंच मला बुडवत होतं.

"फोन ठेव," मी म्हटलं, "आणि मला या झाकणापासून लांब ने." पण माझे हात मला ठाऊक. म्हणून सौना तापवला, आत जाऊन बसले आणि तौनोला पहाऱ्यावर ठेवलं. दर थोड्या वेळाने मी आतून ओरडायची, "काटा किती?" तो बाहेरून, "दोनशे! आणि तुमचा?" मग, "दोनशे चाळीस! बाई, मेलात का जिवंत आहात?" बाहेर येऊन दोनदा बाजूच्या डब्यात गोळ्या ओतल्या, पण झाकणाला बोट लावलं नाही.

पाच वाजता हाड नुसतं धरलं तर मांसातून निसटून हातात आलं. बर्फावर रांग लागली. आपली माणसं कौतुक करतात थोडीच! गुपचूप दुसऱ्यांदा ताट घेऊन आली. तौनो तिसऱ्यांदा आला आणि म्हणाला, "खाण्यासारखं आहे." इथे याच्या वर पदवी नाही. तिथल्या तिथे पुढच्या वर्षीच्या मेळ्याच्या फळ्यावर, मांसाच्या कामापुढे, त्याने माझं नाव लिहिलं.

तेव्हा घर विकत नाही. पण हे पत्र फुशारकीसाठी लिहिलेलं नाही. मेळ्याच्या आधीच्या रविवारी फोनवर तू बोलता बोलता म्हणून गेलीस की घरात एकटी असूनही जेवताना अजून दोन ताटं मांडतेस, आणि लगेच हसून विषय बदललास. मी माझ्या हट्टात इतकी गुंग, की मला ते काल भांडी घासताना ऐकू आलं. तू मला सांभाळायला बोलावत नव्हतीस, वेडे. तुला सोबत हवी होती आणि मागायला जड जात होतं. तर मीच मागते. तू ये, कायमची ये. वरची पूर्वेची खोली आज सकाळी रिकामी केली. भिंतींना पिवळा रंग देऊ की निळा, तेवढं उलट टपाली कळव.

तुझीच थोरली,
सायमा