आबांनी पारखलेली काच

मेंढरांची वस्ती, आखाडा बाळापूरजवळ
ता. ११ डिसेंबर २००१

तीर्थस्वरूप तातेराव मामांच्या पायांवर राधिकाचे डोके.

इकडे मी, आई, आबा आणि मेंढरे खुशाल आहोत. (तुमचे दाजी आबा म्हणतात, मेंढरे आधी लिहायला हवी होती.) मामींची कंबर आता कशी आहे? गार फरशीवर बसू नये, असा आईचा निरोप आहे. तुमचे पत्र आणि साडीची मनीऑर्डर मिळून महिना झाला. नांदेडच्या स्थळाला दाखवायला माझा पूर्ण उंचीचा फोटो हवा, तोही नवी साडी नेसून, हे नीट वाचले. त्याप्रमाणे लगेच मी आणि आबा एस.टी.ने हिंगोलीला हरिचंदशेठच्या स्टुडिओत गेलो. इथपर्यंत सगळे तुमच्या सूचनेबरहुकूम झाले.

आमच्या आधी एका लेकराचा फोटो चालला होता आणि ते काही केल्या रडणे थांबवत नव्हते. त्यामुळे मला आजूबाजूला बघायला वेळ मिळाला. (दोष द्यायचाच तर त्या लेकराला द्यावा.) पाठीमागच्या पडद्यावर बर्फाचे डोंगर रंगवलेले आहेत. आपल्याकडच्या निम्म्या मुलींची लग्ने त्या बर्फापुढे उभे राहून जमली, आणि बर्फ एकीनेही पाहिलेला नाही! आपला माळ काय वाईट आहे? पण त्याचा फोटो कोणी काढतच नाही. मी बी.ए. झाले तेव्हा तुम्ही दिलेल्या कॅमेऱ्याने वर्षभर धडपडते आहे. टेकडी आली की कयाधू सुटते, नदी धरली की टेकडीचे डोके कापले जाते. घरात पहिली पदवी माझी. तिच्या जोरावर निदान माळ तरी पुरता दाखवावा, असे मला फार वाटते. आणि समोरच्या कपाटात दोन जुन्या वाइड लेन्स होत्या. एक पस्तीस एमएमची, एक अठ्ठावीसची. नव्या लेन्सची किंमत मी विचारली नाही, नुसता शेठचा चेहरा पाहिला.

आकडा जितका लहान तितकी नजर रुंद, हे मी आबांना समजावले. आबा म्हणाले, "म्हंजी कमी दाताचा, तरणा बरा. एडक्यासारखंच की." मग त्यांनी दोन्ही लेन्स मागून घेतल्या आणि उजेडाला धरून मेंढीचा डोळा बघतात तशा बघितल्या. कडी फिरवली की आतली पाती उघडतात, मिटतात. पस्तीसच्या लेन्सची कडी त्यांनी चारदा फिरवली. "ह्याची पापणी चिकटून राहिली. आजारी हाय." शेठने चष्मा लावून पाहिले, पात्यांवर खरेच तेल उतरले होते. वीस वर्षे धंद्यात असलेल्या माणसाने ती लेन्स आपल्या हाताने कपाटात परत ठेवली. अठ्ठावीसच्या काचेवर एक बारीक ओरखडा होता, म्हणून मी कचरत होते. आबा म्हणाले, "डोळ्याखाली खरचटलं म्हणून नजर जात न्हाई." मामा, मी तीन वर्षे कॉलेजात गेले, पण अशी पारख मला कोणी शिकवली नाही.

सौदाही आबांनी त्यांच्याच पद्धतीने केला. काउंटरवर टॉवेल टाकला, त्याखाली शेठचा हात धरला आणि बाळापूरच्या बाजारात मेंढरांचा भाव ठरवताना दाबतात तशी त्यांची बोटे दाबली. शेठ आधी गुदगुल्या झाल्यासारखे हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले, "बरं बाबा, न्या." कितीला ठरले ते मला अजून माहीत नाही. टॉवेलाखालचे वर सांगत नसतात.

पहिला रोल पार फसला. माळ सगळा आला, पण टेकडी लाडवाएवढी, मेंढरे गोचिडांएवढी, बाकी नुसते आभाळ. मला रडू आले. आबांनी फोटो उलटसुलट पाहिले. "जवळ कोणीच न्हाई, मंग लांबचं लांब हाय हे कळावं कसं? कळप राखताना आदी जवळचं एक धरतेत." दुसऱ्या रोलच्या वेळी त्यांनी म्होरक्या एडका कॅमेऱ्यापासून दोन हातांवर उभा केला. त्याच्या शिंगांमागे माळ, टेकडी, कयाधू असे एकामागे एक पसरत गेले, की मी बघतच राहिले. आपला माळ एवढा मोठा आहे, हे मला बावीस वर्षांत दिसले नव्हते.

तुमची भाची,
राधिका

ता. क. साडी घेतली नाही. ती टॉवेलाखाली गेली. आईला सांगितले आहे की फॉल लावायला दिली आहे.

ता. क. दुसरा. स्थळासाठी फोटो सोबत जोडला आहे. समोर मोठा दिसतो तो एडका. मी मागे बाभळीखाली आहे, ज्वारीच्या दाण्याएवढी, पण मागितल्याप्रमाणे पूर्ण उंचीची. बटण आबांनी दाबले. पाहुण्यांना बोट लावून दाखवू नका. मुलगा मला आपला आपण शोधून काढील, तरच त्याला वस्तीचा पत्ता द्या.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार तोच आईने फोटो पाहिला. मी तिला क्षणात सापडले. "अन् ही तर जुनीच साडी हाय," असेही म्हणाली. तेव्हापासून ती आबांशी आणि माझ्याशी बोलत नाही. बहीण तुमची आहे, तर पत्र मिळताच निघून यावे. येताना मामींची एखादी साडी आणावी. रंग मात्र भडक असू द्या, लांबून दिसेल असा.